हात तोच

मी जो काही आहे तो देवणीच्या शाळेतल्या वाघमारे बाईंमुळे. प्रयोगाच्या कपाटासमोर उभं करून त्या बजावायच्या, "बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याबिगर बूच काढायचं न्हाई. म्या सांगितलं तरी न्हाई."

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी हे विसरलो. तिथं सर म्हणतील ते खरं.

सरांनी माझ्या प्रयोगाची काळी पडलेली पट्टी सगळ्यांसमोर उजेडात धरली.

"ही तिसरी. अँटीबॉडीलाबी कळतं बाबा, कोण शिवलंय ते."

सगळे हसले. माझ्यासोबत काम करणारी भोकरची सीमा रोज माझ्या डब्यातली भाकर खायची. तीही हसली. मीही हसलो. ते हसू अजून तोंडात कडू आहे.

काम असं होतं. कॅन्सरच्या पेशीतला हार्मोन पकडणारा रिसेप्टर कामाला लागला की त्याला ठरावीक जागी फॉस्फेट जोडलं जातं. आमची अँटीबॉडी फक्त तसाच रिसेप्टर पकडते. पट्टीवर एक रेघ उमटते. बाकी पट्टीला ती चिकटू नये म्हणून पट्टी आधी दूध पावडरच्या पाण्यात ठेवायची. ही सरांची पद्धत. माझी रेघ दिसायचीच नाही. सगळंच काळं.

मी माझ्याच हातांवर संशय घेऊ लागलो. दोनदा साबण. हातमोज्यांवर हातमोजे. एकदा बेसिनपाशी आई आठवली. गावात काही घरं आमच्या म्हशीचं दूध घ्यायची नाहीत. आई दुधाची चरवी पुन्हा पुन्हा घासायची. चरवी लख्खच असायची. मीही तेच करत होतो.

हात थांबले.

मग मी बाकी सगळ्यावर संशय घेतला. अँटीबॉडीच्या खोक्यातला कागद काढला. त्याची घडीसुद्धा कुणी मोडली नव्हती. त्यात लिहिलं होतं, दूध वापरू नका. दुधातल्या प्रथिनालाच फॉस्फेट असतं, अँटीबॉडी त्यालाही चिकटू शकते.

दोन्हीकडे तेच नमुने घेऊन एक पट्टी मधोमध कापली. अर्धी दुधात. अर्धी कागदात सांगितलेल्या अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाच्या द्रावणात. दुधातली काळी. दुसरीवर एकच स्वच्छ रेघ.

हात तोच.

सरांनी पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. आता वहीत लिही, 'आधीच्या तिन्ही वेळी माझ्या हातून चूक झाली.' सही कर. पीएचडीचा फॉर्म माझ्या सहीनं जातो, ध्यानात हाय ना?"

ध्यानात होतं. आठवड्यानं बाईंना पत्र टाकलं.

"आदरणीय बाई,
जयभीम.
वहीत दोन्ही अर्ध्या पट्ट्या चिकटवल्या. खाली लिहिलं, 'दूध सरांच्या सांगण्यावरून वापरलं. खोक्यातला कागद मी आधी वाचला नाही, एवढीच माझी चूक. हाताचा दोष नाही.' त्यावर सही केली. माझा फॉर्म सरांच्या टेबलावर पडून आहे. सीमा म्हणते, 'माफी मागून टाक की, काय जातंय तुझं?' काय जातं ते माझ्या आईला विचारा. ती चरवी घासत राहिली. मी घासणार नाही. वहीतलं एक अक्षर खोडणार नाही. माफी मागणार नाही.
बाई, तुम्ही सांगितलंत तरी नाही."