ड्रमातला फालसा

मुलाच्या गाडीत मी बसले तेव्हा गुडघ्याला पट्टा होता, मांडीवर गोधडी होती आणि खिडकीतून जाऊबाईंनी डोकं आत घातलं होतं. "जाय वं शोभा, पण उन्हाळ्यापर्यंतच. आंब्याच्या दिवसात मीच येतो तुले न्यायले." शहरात धंतोलीच्या डॉक्टरांकडे गुडघ्यासाठीच्या फेऱ्या संपल्या की पारशिवनीजवळच्या आमच्या खेड्यात परतायचं, हा आम्हा दोघींचा करार.

गावी राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या मुलामागे फ्लॅटात आलेल्यांनो, खरं सांगते, सुरुवातीला मी नुसती जाण्याचीच वाट बघत होते. मुलगा आणि सून मिहानला ऑफिसात. गावात दार उघडलं की चार जणी विचारायच्या, भाजी काय केली? इथे दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. इंटरकॉम वाजला की मी दचकायची.

मग सुनेने नर्सरीतून फालशाची तीन मोठी रोपं आणली. "आई, टेरेस रिकामीच आहे. तुम्ही तर शेतकरी." शेतकरी होते, पण संत्र्याची! फालसा मी जन्मभर द्रोणात घेऊन, वर मीठ टाकून खाल्लेला. लावायचा कसा, देव जाणे. ड्रम कापले, माती भरली, थंडीत नर्सरीवाल्याने सांगितलं तशी कंबरेएवढी ठेवून छाटणी केली. कोंब फुटले आणि मी लहान पोरीसारखी नाचायची बाकी राहिले.

तिथेच शहाणपणा नडला. संत्र्याला बहार हवा तर आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. झाड सुकायला आलं की पाणी सोडायचं, मग ते फुलांनी लगडतं. तीस वर्षं हेच केलेलं. मी फालशाचंही पाणी तोडलं, वर सुनेला सांगितलं, हात लावू नकोस. कोंब माना टाकत गेले आणि मी मनातल्या मनात खूश! व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवलं तर जाऊबाई ओरडल्या, "अवं माय, काहून मारून राहिली त्याले? जमिनीतलं झाड मुळं खाली धाडते. हे कुठं धाडीन, खालच्याच्या घरात?"

एक झाड गेलंच. दोन वाचली. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी पाणी, ऊन वाढलं तसं संध्याकाळीही. पिवळी फुलं आली, हिरवे मणी धरले, आणि एका सकाळी त्यातला एक जांभळा! मी समोरचं ते बंद दार ठोठावून त्या बाईंना ओढत टेरेसवर आणलं. रोज मूठभरच पिकायचे, तेही एकेक करून. बुलबुल माझ्या आधी हजर. मग जुनी साडी पांघरली झाडांवर.

जाऊबाई म्हणाल्या, "दे धाडून बसमधून." संत्री पेटीत भरून कुठेही जातात. पण फालसा संध्याकाळपर्यंत गळतो, पाणी सुटतं त्याला. म्हटलं, "टिकत नाही बाई. तुमीच या."

आल्या. माझे कपडे न्यायला एक रिकामी बॅगही आणली होती. झाडापाशी उभ्या राहून खाल्ले, जीभ जांभळी करून घेतली. मग हळूच विचारलं, "मंग, भरू काय तुह्ये कपडे?"

"डॉक्टर जा म्हणाले बाई," मी म्हटलं, "पण मले नाही जाचं."

त्यांनी रिकामी बॅग घडी करून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या निघताना मी सुनेला हाक मारली, "अगं, कुंकू आण, खण आण. पाहुण्या निघाल्या."

जाऊबाई दारातच थांबल्या. "मी पाहुणी? कवापासून वं?" हसल्या, आणि डोळे पुसले. माझेही भरून आले. पण सुनेने कुंकू लावलं आणि खण मी माझ्या हाताने त्यांना दिला. गाव माझं आहेच, ते कुठे जात नाही. पण ज्या दारातून आपण दुसऱ्याची पाठवणी करतो, घर ते.