काचेबाहेरचा न्हावी

इस्पितळातल्या रक्ताच्या विभागात न्हाव्याचं काय काम, असं कुणी विचारलं की तो छाती फुगवून म्हणायचा, "अहो, डॉक्टरच्या आधी माझा हात लागतो!" खोटं नव्हतं ते. दुसऱ्याच्या रक्ताच्या मूळ पेशी घालायच्या, तर आधी रोग्याची स्वतःची हाडांतली मज्जा जहाल औषधानं रिकामी करावी लागते, आणि त्यात केस पुंजक्यांनी गळतात. ते गळायच्या आतच हा मशीन फिरवायचा. तोंडाचा पट्टा अखंड चालू. घरी बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी इथेच गेली. रोगानं नव्हे, त्या तयारीनंच. तोंड सोलून निघालं, पाणी गिळवेना, आणि नव्या पेशींची पिशवी यायच्या आत नाजूक हृदयानं दगा दिला.

एके दिवशी सात नंबरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. यानं सवयीनं मशीन लावलं. आधी रोग्याचा औषधाचा कागद बघायचा असतो, पण इतकी वर्षं कागद एकच गोष्ट सांगत आलेला. अर्धं डोकं झालं आणि सिस्टर धावत आल्या.

"काका, थांबा! यांना नवं औषध आहे. ते मज्जेतल्या पेशी तेवढ्या हेरून मारतं. केस जाणार नव्हते हो यांचे!"

"मावशी, जोड्यानं मारा मला," तो कसाबसा म्हणाला.

"आता उरलेलंही काढा, अशी अर्धवट कुठे मिरवू?" मावशी हसल्या. "हृदय नाजूक माझं, जुनं औषध झेपलंच नसतं. शिर सलामत तो पगडी पचास!"

हृदय नाजूक. त्यानं सिस्टरला हळूच विचारलं, "कधी आलं हे औषध?"

"गेल्या वर्षी. आपल्याकडे मात्र यांनाच पहिल्यांदा."

तेव्हापासून तो रोज मावशींच्या बंद खोलीच्या काचेबाहेर उभा राहायचा. बाईला झेपू दे, असं मनापासून वाटायचं. आणि झेपलं तर, मग माझ्या बायकोनंच कुणाचं घोडं मारलं होतं, असंही वाटायचं. या दुसऱ्या विचाराची त्याला लाज वाटे, पण तो जाता जात नसे.

तिसऱ्या आठवड्यात नव्या पेशी रुजल्या. काचेआड मावशी कुरुमकुरुम बिस्किट खात होत्या. तोंडात एक फोड नाही!

तो जवळजवळ पळतच घरी गेला. कुलूप काढलं, चपला भिरकावल्या. "अगं, ऐकलंस का? वाचली बाई!"

आतून कुणी ओ दिली नाही. तो दारातच बसला आणि त्या रिकाम्या खोलीला म्हणाला, "काही दुखलं नाही गं तिला."