अंगणातली छावणी

आमचे मामंजी कुठल्याही वस्तूकडे आधी संशयाने बघत आणि मगच तिला हात लावत. नवी काडेपेटी आणली की ती कानाशी नेऊन हलवत, मधलीच एक काडी ओढून बघत. ती पेटली तरी समाधान नाही. "एक पेटली म्हंजे सगळ्या पेटतील, हे कुणी सांगितलं?" असं म्हणून दुसरी ओढत. गाव त्यांना सुभेदार म्हणे. पलटणीतून ते सुभेदार होऊनच घरी आले होते. पलटण मागे राहिली, पहारा मात्र त्यांनी बरोबर आणला होता.

पलूसजवळच्या त्यांच्या घरात मी सून म्हणून आले ती सत्तर सालानंतर लगेचच. माझे यजमान माधवनगरच्या गिरणीत, सुट्टीला येणारे. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. पहिल्याच वर्षी मला कळलं, की ऊस तुटून कारखान्याला गेला की मामंजी महिनाभर एकटेच कोयनेच्या जंगलात जाऊन राहतात. उंब्रजपर्यंत एसटी, तिथून दुसरी, आणि पुढे पायी. तिकडे देव नाही, शेत नाही, सोयरा नाही. मग जातात कशाला? गावाने आपापली उत्तरं काढली होती. पुरलेलं धन, नाहीतर दुसरं बिऱ्हाड. शेजारचे शिवाअण्णा तोंडावरच विचारत, "सुभेदार, खरं सांगा, तिकडं वैनी हाय का काय?"

"हाय की. चार पायांची हाय, शिंगं बी हायती. येतोस भेटायला?"

सासूबाई हसत नसत. मामंजी परत आले की त्या त्यांचे कपडे धुण्याआधी नाकाशी धरत. धूर आणि घामाशिवाय कशाचाच वास येत नसे. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढे.

एकदा मीच विचारलं. मामंजी ताडपत्रीची शिवण तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "उभी उमर बराकीत गेली पोरी. शंभर मानसांच्या घोरन्यात झोपलो. तिथं रानात पान पडल्यालं ऐकू येतंय. लय ग्वाड वाटतंय."

निघण्याआधी आठवडाभर ते अंगणात, चिंचेखाली छावणी टाकत. ताडपत्री, घोंगडी, कोयता, दोर, जर्मनचं पातेलं, मेणात बुडवलेल्या काड्या, भाजलेलं पीठ, हुलगे, कडक भाकरी. या आठवड्यात घरात पाय ठेवायचा नाही आणि घरातलं काही मागायचं नाही, हा त्यांचा नियम. स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर, तरी ते तीन दगडांवर हुलगे शिजवत. मी चहा घेऊन गेले की हात आडवा करत. "मी जंगलात हाय. इथं चहा कुठला?" ताडपत्रीवर घागरीने पाणी ओतायला लावत आणि खाली बसून थेंब शोधत. एकदा नवाकोरा दोर त्यांनी सरळ गोठ्यात दिला, कारण भिजल्यावर त्याची गाठ सुटेना. "अंगनात दगा देतंय ते रानात न्यायचं न्हाई," एवढंच कारण. माझ्या घरात आजही कुठलाही प्रवास असो, सामान आदल्या आठवड्यात बांधून, वापरून बघितलं जातं. मुलं हसतात, पण आमची एकही पिशवी आजवर रस्त्यात तुटलेली नाही.

या सगळ्यात मोठी परीक्षा सुतळीची. झोपायच्या जागेभोवती ते गुडघाभर उंचीवर सुतळी ताणत आणि तिला दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे बांधत. आत खडे. जंगलात अस्वल किंवा डुक्कर जवळ आलं की डबे वाजणार आणि हे जागे होणार. एकट्या माणसाला दुसरा पहारेकरी नसतो. ते दुपारी डोळा मिटत, तेव्हा न सांगता येऊन सुतळीला पाय लावायचा, हे माझं काम. दर वर्षी पहिल्या खुळखुळीला ते कोयता घेऊन बसते होत आणि मला बघून खूश होत.

शेवटच्या वर्षी मी पाय लावला, आणि ते झोपूनच राहिले. पुन्हा लावला, तरी तेच. मी सुतळी ओलांडून आत गेले आणि त्यांच्या उशाची काठी उचलून आणली. उठल्यावर त्यांनी आधी काठी नेल्याचा आळ शिवाअण्णांवर घेतला. मग मी काठी परत केली तेव्हा सुतळीवर. "सैल पडली हुती." नवी सुतळी आली. दुसऱ्या दिवशी डब्यांवर आळ आला. खडे बदलले. तिसऱ्या दिवशी माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "जोडवी काढून येतीस व्हय? आनि घरात तुमी दोघी हळू का बोलाय लागलाय? काय शिजतंय?"

आम्ही हळू बोलत नव्हतो. सासूबाई महिनाभर त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होत्या. मला तेव्हा उमगलं, आणि ते सांगावं कसं हे कळेना. सांगितलं तर त्यांचं जंगल जाणार. नाही सांगितलं तर कदाचित तेच जाणार.

मला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. "मी पाठ करून बसतो. तू डबं हलव. थांबू नगंस." ते चिंचेच्या बुंध्याकडे तोंड करून मांडी घालून बसले. मी सुतळी हलवली. डबे असे वाजले की गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. मामंजींची पाठ तशीच ताठ.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हलीवलंस?"

"हलवलं, मामंजी," मी मोठ्याने म्हणाले.

ते उठले, ताडपत्रीचा एक खुंटा उपटला, त्याची माती पुसली. "सुतळी झाली, डबं झालं. एकच वस्तू तपासायची ऱ्हायली हुती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

सासूबाई दारातून सगळं बघत होत्या. मामंजींनी रानात जाऊ नये, इतकी वर्षं त्यांना हेच हवं होतं. चुलीवर आधण ठेवून त्या पातेल्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मोठं डबं बांधून बघायचं हुतं की गं."

चहा घेऊन जाताना माझा पाय सुतळीत अडकला. सगळे डबे वाजले. मामंजी मान वर करून चिंचेची पानं पडताना बघत होते.