बासरीवाली आजोळी गेली ती गेलीच

तुम्हाला वाटत असेल, व्हिडिओ गेमची आठवण आहे म्हणजे शेवटी हा पठ्ठ्या राक्षसाला मारणार, टीव्हीवर फटाके फुटणार आणि सगळी पोरं ह्याला खांद्यावर घेणार. आत्ताच सांगतो, तसलं काही नाही. राक्षस जिवंत आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्याची तब्येतही उत्तम आहे. मी त्याच्या महालाच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचलो नाही.

दहावी मी घोटीला केली आणि अकरावीला नाशिकला आलो. दोन हजार तीन-चारची गोष्ट. घोटीत माझी ख्याती अशी की वर्गात सर नसले तरी सरांचा आवाज ऐकू यायचा. मुख्याध्यापक, एसटीचा कंडक्टर, भातगिरणीचा शेठ, कुणाचाही काढून द्यायचो. नाशिकच्या कॉलेजात मात्र माझे मुख्याध्यापक कुणाच्या ओळखीचे नव्हते. नक्कल कितीही झकास काढा, मूळ माणूसच माहीत नसेल तर हसणार कोण? तीन महिने मी गप्प होतो. घरच्यांना खोटं वाटतं, पण होतो.

मग गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक गेमचा गाळा सापडला. एका फुलं पिकवणाऱ्या घरातल्या मुलानं काढलेला, त्याला सगळे दादा म्हणायचे. गाळ्यामागेच त्यांचा मळा, झेंडू आणि शेवंती. समोर बिल्डिंगी उठत होत्या, मागे झेंडू. गाळ्यात तीन टीव्ही आणि तीन राखाडी मशीन. दुपारी दादा जेवून झोपायचा, तेव्हा त्याची आई येऊन बसायची. गाळ्यात पंखा होता आणि घरातला बिघडलेला होता, म्हणून त्या फुलांची पाटी घेऊन तिथेच संध्याकाळचे हार ओवायच्या. त्यांना मी मावशी म्हणायचो.

दुपारी गाळा रिकामा. पोरं शाळा सुटल्यावर यायची. मला एका कपाटात तीन सीड्यांचा एक गेम सापडला. सगळा जपानीत. कव्हरवर तलवारवाला पोरगा, बासरी घेतलेली एक मुलगी आणि मागे जहाज. ह्या गेममध्ये पळापळ नाही. गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं आणि मारामारी झाली तर पाळीपाळीनं मारायचं. तुम्ही एक फटका द्यायचा, मग उभं राहायचं, मग राक्षस देणार.

फुटबॉलवाली पोरं ह्याला जाम हसायची. "अबे ही मारामारी आहे का रेशनची लाइन?"

मावशींना मात्र ते पटलं. सुई थांबवून बघत म्हणाल्या, "शिस्त हाय की रे. आमच्या भावकीत एवढी नाय. काय बोलतेत पन ते?"

खरं उत्तर होतं, मला काय माहीत. जपानी मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. पण तीन महिन्यांचा गप्प बसलेला घसा होता. पडद्यावर राजा आला तसा मी घसा खाकरला आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या आवाजात म्हणालो, "अं... विद्यार्थ्यांनो. राज्यावर संकट आलेलं आहे. आणि मागच्या बाकावर कोण हसतंय?"

मावशींच्या हातातला झेंडू पडला हसून.

झालं. त्या दिवसापासून मी राज्याचा अधिकृत आवाज. ड्रॅगनला मी कंडक्टरचा आवाज दिला, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं मोकळं आहे," आणि मग तो आग ओकायचा. तलवारी विकणाऱ्या दुकानदाराला गिरणीवाला शेठ, "घ्यायची तर घ्या, धारेला हात लावू नका." मी ऐन कॉलेजच्या वेळात तिथे असायचो. मावशींनी एकदाच विचारलं, "कालिज नाय का?" मी म्हटलं, "आज सुट्टी आहे." "रोज?" "हो, रोजच आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही, कारण राजकन्येला पळवलेलं होतं.

फक्त बासरीवालीच्या बाबतीत त्या कडक. पहिल्या दिवशी मी तिला किनरा आवाज दिला तर म्हणाल्या, "हिची चेष्टा नको. नीट बोल." मग तिला मी माझ्याच आवाजात बोलायचो, जरा हळू. तिची आई पहिल्या गावात विहिरीपाशी उभी असायची. मुलगी निघाली तेव्हा ती एक ओळ म्हणाली, तिचं मराठी मी केलं, "लवकर ये गं, जेवायची थांबते." केलं आणि विसरलो. मावशी विसरल्या नाहीत.

एक महिना असा गेला. दुसरी सीडी लागली. आणि एका दुपारी एका पुलावर तलवारवाला आणि बासरीवाली उभे राहून बोलायला लागले. चौकटीमागून चौकट, खालीवर जपानी. मी सवयीनं बटण दाबत होतो आणि मनाला येईल ते बोलत होतो, नदीला पाणी किती, पाऊस बरा झाला. अचानक ती वळली आणि चालत पडद्याच्या खाली निघून गेली. आपल्या टोळीत कोण कोण आहे त्या यादीत बघितलं तर तिची जागा रिकामी. बासरीसुद्धा गेली.

"कुठं गेली?" मावशी.

मी काय सांगणार? ती का गेली ते त्या चौकटींमध्ये लिहिलेलं होतं आणि मी त्या बटण दाबून घालवल्या होत्या. मेली नव्हती, चालत गेली होती, एवढंच मला कळलं होतं.

"आजोळी जाऊन येते म्हणाली," मी ठोकलं.

"आईला सांगितलं का तिनं?"

"सांगितलं असेल."

"असंल म्हंजे? जाऊन बघ."

तुम्ही कधी असा गेम खेळला असाल तर कळेल, पहिल्या गावात परत जाणं म्हणजे सटाण्याहून घोटीला पायी. दोन दुपारी लागल्या. विहिरीपाशी ती बाई तशीच उभी. बोललो तिच्याशी. तीच ओळ. ह्या गेममधली गावातली माणसं तेवढंच बोलतात, जग बुडालं तरी तेवढंच. पण ती ओळ मीच मराठीत करून ठेवलेली, आता बदलू कशी? म्हणालो, "लवकर ये गं, जेवायची थांबते."

मावशींनी सुई पडद्याकडे रोखली. "बघ. तिला कुनी सांगितलंच नाय."

तेव्हापासून रोज आल्या आल्या पहिला प्रश्न तोच. "आली का पोरगी?" मी म्हणायचो, "येईल, तिसऱ्या सीडीत येईल." मलाही आता तेवढंच पाहिजे होतं. राक्षस, राज्य, काही नाही. ती पोरगी पुन्हा यादीत दिसली पाहिजे आणि तिला घेऊन विहिरीपाशी गेलं पाहिजे.

पण गाळ्यात वारं फिरत होतं. महिन्यातून एकदा एक माणूस सीड्यांचा जाड अल्बम घेऊन यायचा. आधी त्यात असल्या गोष्टीवाल्या जपानी गेमची पानंच्या पानं असायची. मग चार पानं राहिली, मग एक. बाकी सगळं फुटबॉल, गाड्या, बंदुका. मी विचारलं तर म्हणाला, "ते कोण घेतं रे आता? एक पोरगा दोन महिने एकच गेम खेळत बसतो. दादाचा गाळा कसा चालायचा?" तो एक पोरगा समोरच उभा आहे हे त्याला माहीत नव्हतं. 

पुढे कधीतरी सायबर कॅफेत वाचलं की जगातच असल्या गेमची सद्दी ओसरली. बनवायला महाग, लोकांना धीर नाही, असं बरंच काही लिहिलेलं. असेल. आमच्याकडे ते एका रविवारी ओसरलं.

त्या रविवारी दादानं फुटबॉलची मॅच ठेवली होती, सोळा पोरांची. मी घोटीला गेलेलो. गेम जिथे सोडला तिथून पुढे खेळायचं तर मशीनला एक छोटं कार्ड लागतं, त्यात पंधरा खण. पोरांना त्यांच्या टीमा ठेवायला जागा पाहिजे होती. एका खणावर जपानीत काहीतरी लिहिलेलं, बाजूला निळं चित्र. दादानं विचारलं, "हे कुणाचं?" कुणाचंच नव्हतं. नाव तर मी टाकलं होतं, पण अक्षरं जपानी, मला सुंदर दिसली ती चार निवडलेली. माझं नाव मलाच वाचता आलं नसतं.

सोमवारी कार्ड उघडलं तर पंधरा खणांत पंधरा फुटबॉल.

दादा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तुझं होतं होय? सांगायचं ना राव. पुन्हा खेळ की." मग डोकं खाजवत म्हणाला, "पण मंगळवारपर्यंतच हां. मशीन बदलतोय. काळं येतंय. ह्या सगळ्या सीड्या पण अल्बमवालाच घेऊन जाणार."

दोन महिने आणि हातात दोन दुपारी. मी तरी सुरू केलं. सोमवारी राजापर्यंत पोचलो. मावशी पाटी घेऊन आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आधी झालंय."

"परत बघायचं होतं, मावशी."

मंगळवारी एक शेवटची शक्कल केली. सरळ तिसरी सीडी घातली. म्हटलं, शेवट दिसला तर दिसला, पोरगी एकदा डोळ्यांनी बघतो. पडदा काळा झाला आणि मधोमध एक ओळ आली, जपानीत. बटण दाबलं तर हलेना. सीडी काढून घातली, फुंकर मारली, शर्टाला पुसली. तीच ओळ. मावशींनी विचारलं, "काय म्हनतंय?" एरवी मी कुठल्याही ओळीचं मराठी करायचो. त्या ओळीचं झालं नाही. मग अल्बमवाला आला आणि तिन्ही सीड्या पिशवीत टाकून घेऊन गेला.

नंतर मी तो गेम किती शोधला. पण शोधायला नाव लागतं, आणि नाव मला कधी वाचताच आलं नव्हतं. काळ्या मशीनवर पुढे एखाददुसरा गोष्टीवाला गेम आला, त्यातली माणसं स्वतःच बोलायची, फाडफाड इंग्रजीत. माझी गरजच नव्हती.

शुक्रवारी गाळ्यात गेलो तर भरदुपारी गर्दी. काळ्या मशीनवर फुटबॉल, दादा झोपायचा सोडून बसलेला. मावशी कोपऱ्यात हार ओवत होत्या. माझी चाहूल लागली तशा वर न बघताच म्हणाल्या, "आली का रे पोरगी?"

माझ्यातला नकलाकार कधी काय करेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "आली ना मावशी! काल संध्याकाळीच." आणि उभा राहून सुरू केलं. पूल, वाट, गाव, विहीर. पोरगी लांबून बासरी वाजवत येते. आणि आईचा आवाज मी काढला तो मावशींचाच, "आली गं बाय माझी! लय ग्वाड दिसतीया!" असं म्हणत खदाखदा हसलो त्यांच्यासारखा. पोरांनी मॅच थांबवून टाळ्या वाजवल्या. दादापण हसला.

मावशींनी सुई झेंडूत टोचून ठेवली.

"कुठं बघितलंस? मशीन मंगळवारी गेलं. मी हितं बसलेली, मला काय डोळं नायत? मुकाट्यानं त्या काळ्या पडद्यापुढं सीडीला फुंकर मारत होतास ते बघितलं नाय व्हय मी? नाय माहीत तर नाय माहीत म्हनावं. लाज कसली त्यात? आन आई म्हने हसली! महिना झाला पोरीचा पत्ता नाय, निरोप नाय, आन ती हसंल? नांदगावला दिलेली माझी लेक येती ना, तिलासुदिक मी आधी वरडते, मग जेवायला वाढते. काय बी बोलतो, तोंड हाय म्हनून. आन उद्यापासून दुपारी हितं दिसलास तर तंगडं मोडीन. कालिज हाय ना तुझं? रोज सुट्टी म्हने! नीघ. आन ते फूल सोड आधी, पायाखाली घेतलंस."