पंचनाम्यातली अकरावी ओळ

आधीच सांगून टाकतो. भूत, आत्मा, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. त्याविरुद्ध पत्रकं लिहिली आहेत, सायक्लोस्टाइल करून सौंसर ते पांढुर्णा प्रत्येक बसस्टँडवर वाटली आहेत आणि त्यापायी दोनदा मारही खाल्ला आहे. तेव्हा खालचं वाचून ‘पाहा, शेवटी हाही वळला’ असं कोणी म्हणू नये. मी वळलेलो नाही. पण स्वतःला गैरसोयीचं आहे म्हणून एखादी गोष्ट दडवायची, हे मला जमणार नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळातर्फे मी एक पत्रक काढलं होतं – ‘मरणाचं कारण कोण ठरवतं?’ मुंबईत यासाठी कॉरोनर नावाचा अधिकारी असतो, तो नसेल तेव्हा त्याचा डेप्युटी, आणि हे काम करायला कायद्याचं नाहीतर डॉक्टरीचं शिक्षण लागतं, असं माझ्या वाचनात आलं होतं. आणि आमच्याकडे? आमच्याकडे हवालदार येतो, पाच पंच गोळा करतो, त्यातल्या तिघांना वाचता येत नाही, आणि कागदावर (आमच्याकडे सरकारी कागद हिंदीत असतो) शेवटची ओळ सर्वांत आधी लिहिलेली असते – ‘पंचों की राय में’ अमुक अमुक. प्रेत नंतर बघायचं! पत्रकात मी ठळक अक्षरांत मागण्या टाकल्या होत्या. बाईचं प्रेत बाईनंच तपासावं. जो जे सांगेल ते त्याच्या नावासह लिहावं. ही दुसरी मागणी लक्षात ठेवा.

एप्रिल महिना होता. सकाळी सुखदेवकाका आमच्या सौंसरच्या घरी आले. पांढुर्ण्याकडच्या आमच्या मूळ गावचे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, मजुरी करणारे. दारातच बसले.

“जय भीम, बाबू. शांता गेली.”

शांता म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. दोन वर्षांपूर्वी रामाकोन्याजवळच्या एका गावात दिली होती. (गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.) मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत पाय घसरून पडली, असा सासरहून निरोप होता.

“तुले कागदं समजतात,” काका म्हणाले. “चाल संगं. पण एक गोष्ट आयकून ठेव... माह्या पोरीले फाडू द्यायचं नाई.”

मी बसमध्ये सगळा रस्ता त्यांना समजावत गेलो. पोस्टमॉर्टेम झालं नाही तर संध्याकाळी चिता पेटेल आणि मग कुणाच्या बापाला काही सिद्ध करता येणार नाही, असं या शब्दांत बोललो. बापाशीच बोलतोय हे माझ्या ध्यानात नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रेत बगीच्याच्या कडेला लिंबाखाली खाटेवर ठेवलं होतं. रीतीप्रमाणे हनुवटीखालून डोक्यावर चिंधी आवळून बांधलेली, दोन्ही कान त्याखाली झाकलेले. भर दुपार. सासरा हवालदाराला पाणी देत होता. पंच बसले होते. कागद तयार होता, आणि मला वाटलं होतं तसंच – शेवटची ओळ आधीच लिहिलेली, ‘पैर फिसलने से’. वरची जागा कोरी.

मी विचारलं, “प्रेत पाहायच्या आधीच राय कशी झाली पंचांची?”

हवालदार मला पत्रकामुळे ओळखत होता. “आले का कॉरोनर साहेब? डॉक्टर हायस का वकील?”

“नाही. तुम्ही कोण आहात? तुमची पात्रता काय?”

“तुह्या जन्माच्या आंधीपासून मुडदे उचलून राहिलो, हे माही पात्रता. तुही?”

पंच हसले. मी तापलो. नियम सांगितले, वरपर्यंत अर्ज करीन म्हणालो. शेवटी तो वैतागला. नवा कागद काढला, खाली कार्बन घातला आणि पुठ्ठा माझ्या मांडीवर आपटला. “घे, तूच लिही. पण हिंदीत लिहिजो, शुद्ध. मोठा शिकेल हायस न?”

पण प्रेत तपासायला बाई कोण? गावची दाई गोदावरीबाई तयार झाली. सासरकडच्या बायका घरात होत्या, इकडे एकही नव्हती. बैलबंडीच्या जुवाला आणि लिंबाच्या फांदीला धोतर बांधून आडोसा केला. आत शांता आणि गोदावरीबाई. बाहेर पाच पंच, हवालदार, सासरा आणि मी. सुखदेवकाका दहा-पंधरा पावलांवर, आमच्याकडे पाठ करून बसलेले.

गोदावरीबाई आतून मोठ्यानं सांगायची – “डाव्या हाताले चार बांगड्या, उजव्या हाताले दोन... तळव्याले चिखल नाई... पोटावर काई नाई व माय...” मी ऐकायचो, मनात हिंदी करायचो, लिहायचो. मान वर करायला फुरसत नव्हती. दहा ओळी झाल्या.

मग आतून आलं – “डाव्या कानामागं लिहा. दोन बोटं.”

मी लिहिलं, ‘बायें कान के पीछे दो अंगुल का घाव’. घाव हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, तो माझा. पण ‘दोन बोटं’ याचा दुसरा अर्थ काय निघणार?

हवालदारानं वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “हे काय लिहिलं बे?”

“आतून सांगितलं. तुम्हीही ऐकलं.”

ऐकलं होतं. तो नाही म्हणाला नाही. एक पंच म्हणाला, “हो जी, बाई बोलली खरी.” सासरा पाण्याचा गडू घेऊन उभा होता, तसाच उभा राहिला. आणि तेवढ्यात सुखदेवकाका उठून आले.

“न्या,” ते म्हणाले. “सौंसरले न्या तिले. फाडू द्या.”

हवालदारानं कार्बनची प्रत उलटून पाहिली. “आता खोडलं त मलेच विचारतीन,” असं पुटपुटला आणि सह्या-अंगठे घेतले. बंडीतून, मग ट्रॅक्टरवरून प्रेत सौंसरला गेलं. मला वाटलं, बसमधलं माझं बोलणं शेवटी काकांच्या डोक्यात शिरलं.

डॉक्टरच्या रिपोर्टात डाव्या कानामागे दोन बोटं रुंद जखम निघाली. बोथट वस्तूची, पाण्यात पडण्याच्या आधीची.

दुसऱ्याच दिवशी मी गोदावरीबाईकडे गेलो. तिचं कौतुक करायचं होतं, आणि पुढच्या पत्रकात टाकायचं होतं – अंगठेबहाद्दर दाईनं जे पाहिलं ते शिकलेल्यांना दिसलं नसतं, वगैरे. ती तांदूळ निवडत होती.

“मावशी, तुमच्या एका वाक्यानं केस उभी राहिली.”

“कोन्त्या?”

“कानामागचं.”

तिचा हात थांबला. “ते म्या नाई म्हटलं, बाबू.”

“असं कसं? आतून आवाज आला.”

“मले त बाहीरून आला! मले वाटलं, तुमच्यात कोनी बाई येऊन उभी हाय. म्या म्हटलं, हे कोन व, इले कसं ठाऊक? डोक्याची चिंधी त म्या सोडलीच नाई. कान दिसनच कसा?”

चिंधी सोडली नव्हती हे खरं. डॉक्टरच्या कागदावरही पहिलीच नोंद आहे की डोक्याला कापड बांधलेलं होतं, गाठ तशीच. म्हणजे दवाखान्यात पोचेपर्यंत तो कान कोणीही पाहिला नव्हता. मारणारा आणि चिंधी बांधणारा सोडून.

मी पाचही पंचांना वेगवेगळं गाठून विचारलं. पाचही जण म्हणाले, बाईचा आवाज, धोतराच्या आतून. हवालदारानंही तेच सांगितलं, वर “आता डोकं नको खाऊ” म्हणाला. बाहेर बाई नव्हती. आत एकच होती, आणि तिला तो बाहेरून ऐकू आला. आणि मी – ‘जो सांगेल त्याच्या नावासह लिहावं’ असं ठळक अक्षरांत छापणारा मी – त्या ओळीपुढे नाव लिहिलं नव्हतं. कुणाचं लिहिणार होतो, हा प्रश्न वेगळा.

छिंदवाड्याच्या कोर्टात पलीकडच्या वकिलानं नेमकं हेच धरलं. “ही ओळ कोणी सांगितली?” गोदावरीबाई म्हणून मोकळं होणं सोपं होतं. आमच्याच एका कार्यकर्त्यानं तसं सुचवलंही होतं. पण साक्षीदारानं पदरचं सांगू नये, हेही माझंच छापील वाक्य. मी म्हणालो, “एका बाईचा आवाज ऐकला. कोणाचा, माहीत नाही.” कोर्टात हशा पिकला. वकील म्हणाला, “पत्रकांतून अंधश्रद्धा हटवणारे हेच का?” माझी साक्ष तिथंच संपल्यात जमा झाली. सासऱ्याला आणि दिराला शिक्षा झाली ती डॉक्टरच्या रिपोर्टावर आणि त्यानंतरच्या तपासावर. माझ्या ओळीनं एवढंच केलं की प्रेत त्या टेबलापर्यंत पोचलं.

नंतरच्या पत्रकात मी अभिमानानं लिहिलं, ‘कार्यकर्त्यांनी समजावल्यावर वडिलांनी पोस्टमॉर्टेमला संमती दिली.’ आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते पत्रक कोणीतरी सुखदेवकाकांना वाचून दाखवलं. या वर्षी ते भेटले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, “थे तू लिहिलं न, थे बराबर नाई गा.”

“काय बरोबर नाही?”

“तू समजावलं म्हनून म्या हो नाई म्हटलं. तू त बसमधी भाषन देऊन राहिला होता. आयकत कोन होतं?”

“मग हो का म्हणालात?”

काकांनी बशी खाली ठेवली. “पोरगी सोताच सांगून राहिली, लिहा म्हनून. मंग मी कोन नाई म्हननारा?”

मी म्हणालो, “काका, ती गोदावरीबाई असेल. घाबरून आता नाही म्हणते.”

“असन,” ते म्हणाले. वाद घातला नाही. “पन माह्या पोरीचा आवाज मले ओळखू येते.”

यावर मी आठवडाभर विचार केला. उष्णतेनं भास, म्हणावं तर इतक्या जणांना एकच? गोदावरीबाईनं खोटं सांगितलं, म्हणावं तर चिंधीची गाठ तशीच. सासरच्या कोण्या शेजारणीनं झाडाआडून सांगितलं, म्हणावं तर झाडामागे उघडं वखरलेलं शेत. एकही खुलासा टिकत नाही. काकांचं म्हणणं मी मानत नाही. मात्र ते खोडून काढायचं तर आवाज ताडून पाहायला हवा, आणि ते मला शक्य नाही. शांता जिवंत असताना मी तिला बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

पत्रक मात्र दुरुस्त केलं आहे. ते वाक्य काढलं. त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तिथं एक ओळ कोरी सोडली आहे.