पायपुसणं

माझ्या साडूने माझ्या वडिलांच्या घोंगडीला चिखलाचे बूट पुसले, ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

साडू पुण्याचा. कॅम्पिंगचा त्याला भारी नाद. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही जोडपी त्याच्याबरोबर एका धरणाच्या काठी गेलो. त्याच्या गाडीतून तंबू निघाला, पिसासारख्या हलक्या स्लीपिंग बॅगा निघाल्या, पाय दुमडणारी शेगडी निघाली, कपाळाला बांधायचा दिवासुद्धा निघाला. मी जळगावहून वळकटी नेली होती. सतरंजी, उशी आणि घोंगडी. वडील रात्री कपाशीला पाणी द्यायला जायचे तेव्हा हीच त्यांच्या खांद्यावर असायची. ते गेल्यावर आईने त्यांचं म्हणून मला एवढंच दिलं होतं.

रात्री साडूने आम्हालाही स्लीपिंग बॅगा दिल्या, म्हणून माझी वळकटी बाहेरच राहिली. सकाळी उठून बघतो तर घोंगडी साडूच्या तंबूच्या दारात अंथरलेली आणि तिच्यावर त्याच्या बुटांचे ठसे. त्याने फोटोही काढला होता. ‘खान्देशी स्लीपिंग बॅग, बहुउपयोगी’ असं लिहून तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी हसून घेतलं. मीही हसलो. त्या हसण्याचाच मला जास्त राग आहे.

फोटो शिरपूरकडच्या आमच्या शेतावर पोचला. तिथे आई आणि मोठा भाऊ राहतात. भावाने फोन आईपुढे धरला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा तिने घोंगडी मागून घेतली, धुतली आणि स्वतःजवळच ठेवली. मी कारण विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

मग मी वर्षभर सूड शिजवला. रोज जेवण झालं की तंबूचे व्हिडिओ. कापड कुठलं, शिवणीतून पाणी झिरपतं का, वाऱ्यात दांड्या टिकतात का. बायको म्हणायची, “आपल्याला हिमालयात जायचंय का?” मला हिमालयात जायचं नव्हतं, साडूच्या नाकावर टिच्चून उभं राहायचं होतं. शेवटी त्याच्यापेक्षा मोठा तंबू मागवला आणि गच्चीवर लावून पाहिला. शेजारच्या काकू जिन्यातून डोकावून म्हणाल्या, “कार्य कुणाचं आहे?” लावायला सोपा होता, पण परत पिशवीत काही केल्या जाईना. अख्खा रविवार मी त्याच्याशी झोंबलो आणि शेवटी चादरीत गुंडाळून ठेवला.

यंदा साडूला आमच्या शेतावर बोलावलं. सातपुड्याच्या पायथ्याशी कॅम्प करू, भरताची पार्टी करू, म्हटलं. तो आला, गाडीतून उतरला, माझा तंबू बघितला आणि म्हणाला, “अरे वा, इकडेही मिळतात वाटतं!” माझ्या वर्षभराच्या तयारीची त्याने एका वाक्यात माती केली. त्यात मी खळ्याच्या कडक जमिनीवर खुंट्या ठोकत होतो आणि त्या एकेक करून वाकत होत्या. साडू हात खिशात घालून बघत होता.

संध्याकाळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. दोघी बहिणींनी घरातच झोपायचं ठरवलं. साडू आपला तंबू बगलेत मारून जागा शोधत फिरू लागला. आई ओट्यावरून उठली. तिने गव्हासाठी बांधून ठेवलेल्या वाफ्यांकडे बोट केलं.

“पावना, तठे लावा. मऊ शे तठे. पाठले खडा टोचाव नही.”

जागा खरंच सुरेख होती. सपाट, भुसभुशीत, बोटाने दाबली तरी खुंटी आत जाईल अशी. फक्त पेरणीआधी ते रान ओलवायचं होतं. त्या आठवड्यात आमच्या शिवाराला पहाटे लाईट यायची आणि भावाने मोटार ऑटोवर टाकून ठेवली होती. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि विहिरीचं पाणी पाटाने थेट त्याच वाफ्यांत उतरतं. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. पुण्याच्या माणसाला कुठून असणार?

मी सांगायला तोंड उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

उजाडता उजाडता मोटारीचा आवाज आला. थोड्या वेळाने साडूचा आवाज आला. मी खळ्यावर तंबूतून डोकं काढलं. वाफा काठोकाठ भरला होता आणि मधे तो महागडा तंबू एका बाजूला कलून बसला होता. साडू चार पायांवर बाहेर आला. स्लीपिंग बॅग पाणी पिऊन इतकी जड झाली होती की त्याच्याने ओढवेना. कपाळावरचा दिवा मात्र चालू होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

तो कुडकुडत ओट्याशी आला. गुडघ्यापर्यंत काळा चिखल. आई शेकोटीपाशी बसली होती आणि तिच्या शेजारी ती घोंगडी, स्वच्छ, नीट घडी केलेली. साडूने घोंगडीकडे हात केला.

आईने घोंगडी उचलून आपल्या मांडीवर घेतली. खताचं एक रिकामं पोतं त्याच्या पायाशी टाकलं.

“हाई पाय पुसाले शे, पावना. घोंगडी पांघराले ऱ्हास.”

आवाज जराही चढला नव्हता. साडूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली वाकून पोत्याला पाय पुसू लागला. एकेक बोट, नीट. पाय पुसून झाले तेव्हाच आईने घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली आणि चहा ठेवायला आत गेली.

पोत्यावर वाकलेल्या साडूचा फोटो मी काढून ठेवलाय. ग्रुपवर टाकलेला नाही. तो माझ्याकडे आहे, हे त्याला माहीत आहे.