दुसरी रिंग

माझं पोट ज्या कामावर चालतं ते समजावून सांगायला गेलं की समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला जांभई देतो, म्हणून हल्ली मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते. खरं म्हणजे मी जुना कोड नवा करते. कंपन्या आपली माहिती क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर ठेवतात. ती तिथं ठेवायला आणि परत आणायला तयार कोडचा एक संच मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. दर काही वर्षांनी या लायब्ररीची नवी आवृत्ती येते, जुनी अमुक तारखेला बंद होणार असं कळवलं जातं, आणि आमच्यासारख्यांच्या नाकी नऊ येतात. नव्या आवृत्तीबरोबर 'काय काय बदललं' याची एक लांबलचक यादी येते. ती कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण मला दुसरं वाचून दाखवणारं किंवा ऐकणारं घरात कुणी नाही.

मी धाराशिवला एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर पुणं सोडलं, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की सरळ अणदूरला आईकडं जा. मी म्हटलं, गावात नेट टिकत नाही. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की आमच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून जे विचारणार होत्या, त्याची उत्तरं माझ्याजवळ नव्हती. धाराशिवला मला कुणी काही विचारत नाही. पहिले सहा महिने ते फार बरं वाटलं. नंतर एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून आपला आवाज आपण फक्त मीटिंगमध्ये ऐकलाय, तोही "माझा आवाज येतोय का?" एवढंच विचारताना.

आई अणदूरला एकटी. तिला इकडं ये म्हटलं तर खंडोबा आडवा येतो. रोज सकाळी देवळात गेल्याशिवाय तिच्या तोंडात चहा जात नाही. त्यामुळं ती तिथं, मी इथं, आणि मधे तुळजापूरला गाडी बदलून दोन-अडीच तासांचा रस्ता. महिन्यातून एका रविवारी मी जायचे. फार लांब होतं असं काही म्हणता यायचं नाही.

सुरुवातीला ती केव्हाही फोन करायची. एकदा मीटिंगमध्ये मी बोलत असताना तिचा लागोपाठ तीनदा फोन आला. मी बाहेर येऊन तोंडाला येईल ते बोलले. "सारखा सारखा फोन करत जाऊ नकोस. मी काय रिकामी बसलेय का इथं?" ती "बरं" म्हणाली. फोन ठेवताना तिनं "जेवलीस का?" विचारलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोन दिवस मनाला लागून राहिलं. मग माझ्यासारखी माणसं जे करतात तेच मी केलं. फोन करायचा सोडून एक प्रोग्रॅम लिहिला. एक नंबर घेतला, ज्यावर कॉल आला की तो आपोआप कटतो आणि क्लाउडवर त्या दिवसाच्या तारखेची नोंद होते. त्यात कॉलची वेळ तेवढी असते. सकाळी नऊपर्यंत नोंद झाली नाही तर माझ्या मोबाइलवर निरोप येतो. आईला सांगितलं, "रोज सकाळी दिवा लावला की या नंबराला एक मिस कॉल दे. म्हणजे मला कळेल तू बरी आहेस." तिनं विचारलं, "ह्यो नंबर तुजाच का?" मी म्हटलं, "माझाच समज."

तीन वर्षं तो प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. निरोप एकदाही आला नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी त्याची फुशारकीसुद्धा मारली.

यंदा थंडीच्या सुरुवातीला ऑफिसच्या कामाबरोबर माझा हा घरचा कोडही नव्या आवृत्तीवर नेणं भाग पडलं. बदलांच्या यादीत मधेच कुठंतरी एक ओळ होती. जुनी आवृत्ती एकाच नावाची नोंद दुसऱ्यांदा आली की पहिली पुसून तिच्या जागी दुसरी ठेवायची, आणि कुणाला काही सांगायची नाही. नवी आवृत्ती तसं करत नाही. ती अडून बसते, या नावाची नोंद आधीच आहे म्हणून तक्रार करते. पूर्वीसारखं मुकाट पुसून टाकायचं असेल तर एक शब्द वाढवून तशी परवानगी द्यावी लागते. ऑफिसच्या कोडमध्ये तो शब्द मी जिथं तिथं डोळे झाकून घातला, सगळेच घालतात. घरच्या कोडमध्ये घातला नाही. आई दिवसाला एकच मिस कॉल देते, तिथं दुसरी नोंद येतेच कुठून?

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मोबाइलवर तक्रार आली. आजच्या तारखेची नोंद आधीच आहे. मी वैतागले. म्हातारीचा हात लागला असेल चुकून, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मग मात्र मला एक जुनी गोष्ट आठवली.

मी सोलापूरला होस्टेलवर शिकत होते तेव्हा घरात पहिला मोबाइल आला होता. बोलायला पैसे पडायचे, म्हणून मीच नियम घालून दिला होता. एक रिंग दिली की समजायचं, मी ठीक आहे. दिवसात दुसरी रिंग दिली की तुम्ही फोन करायचा, मला बोलायचंय. आमच्याकडं त्या काळात सगळ्या घरांत असलंच काहीतरी ठरलेलं असायचं. माझी दुसरी रिंग गेली आणि आईचा फोन आला नाही, असं कधीच झालं नाही. एकदा तर ती भिजवलेलं पीठ तसंच टाकून बोलत बसली होती.

नियम माझा. मी विसरले, आई विसरली नव्हती.

मी तीन वर्षांच्या जुन्या नोंदी उघडल्या. प्रोग्रॅम फक्त नोंद आहे की नाही एवढंच बघायचा, वेळ मीही कधी बघितली नव्हती. दुसरा कॉल पहिल्याला पुसत होता, म्हणजे जिथं सकाळची वेळ होती तिथं आईनं एकदाच रिंग दिली होती, आणि जिथं दुपार होती तिथं दोनदा. सकाळ, सकाळ, दुपार. सकाळ, दुपार, दुपार. खाली खाली जाताना मला दिसायचं बंद झालं, कारण डोळे भरून आले होते. थंडीतले काही आठवडे तर सलग दुपारच दुपार होती, दरवर्षी. ते आठवडे कुठले हे ओळखायला मला पंचांग लागलं नाही. त्या दिवसांत आमचा खंडोबा, म्हणजे त्याची मूर्ती, शेजारच्या नळदुर्गच्या देवळात राहायला जातो. अणदूरचं देऊळ रिकामं होतं, आणि आईची सकाळही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पहिली एसटी धरली. मी अवचित दारात उभी राहिल्यावर आई घाबरलीच.

"काय झालं गं? बरी हाईस न्हवं?"

मी चप्पलसुद्धा काढली नाही. तिथंच सगळं सांगितलं. यंत्र, नोंद, पुसलं जाणं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"मंजी दुसरी रिंग तुला कळतच न्हवती?"

"नाही गं आई."

"तीन वरसं?"

"तीन वर्षं."

ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "म्या म्हनलं, पोरीला दिसतंय, पर बोलावं वाटत न्हाय. त्या दिशी तू लई चिडली व्हतीस. म्हनलं, आसंल चिडलेली अजून."

मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतं. मी चप्पल काढायला वाकले आणि तशीच उंबऱ्यावर बसून रडले. कोडमधली चूक सापडली की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

तिनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली. जेवताना मी विचारलं, देव नळदुर्गला गेला की तू करतेस काय दिवसभर? इकडं देव न्यायचा आणि परत आणायचा, याचा दोन्ही गावच्या माणसांत लेखी करार होतो. कागदावर दिवस ठरलेला असतो. हे तिलाही माहीत, मलाही माहीत.

"काय करायचं? वाट बघायची," आई म्हणाली. "देवाचं बरं असतं. जाताना लिवून दिऊन जातो, परत कदी येनार ते."

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता येत नाहीत, तो गुण माझ्यात वडिलांकडून आलाय. ती माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढत होती.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. कोडमध्ये पुसायची परवानगी देणारा तो एक शब्द घातला नाही. आता दुसरी रिंग आली की प्रोग्रॅम अडतो, मला हाक मारतो आणि मी आईला फोन लावते. आमच्याकडं बोलायला फारसं काही नसतं. ती विचारते, काय केलंस? मी म्हणते, काही नाही. मी विचारते, तू? ती म्हणते, काय न्हाय. तरी फोन ठेवायची घाई दोघींनाही नसते.

गेल्या आठवड्यात, खंडोबा अणदूरला परत आल्यावर, एका दुपारी मला घर फार अंगावर आलं. मीटिंगा नव्हत्या, खाली घरमालकांकडं कुलूप होतं. मी आईच्या मोबाइलवर एक रिंग दिली आणि कट केली. जरा वेळानं दुसरी दिली. फोन टेबलावर ठेवते न ठेवते तोच वाजला. मागं देवळाची घंटा ऐकू येत होती, तिला धाप लागली होती.

"दोन रिंगा आल्या," ती म्हणाली. "बोल."